दिवा सोडून कुठे जावं? जागेचा मुलांच्या आयुष्यावर परिणाम आणि तो मोजायची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब दिव्यात भाड्याने राहतं. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. मुलगा चार वर्षांचा. वडील महापे एमआयडीसीत कामाला, आई नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दोघांचे मिळून महिन्याला ६२ हजार येतात, सध्याचं भाडं ९ हजार. आजी दोन इमारती सोडून राहते आणि शाळा सुटली की मुलं तिच्याकडे असतात. गाव कोकणात, म्हणून दिवा-सावंतवाडी गाडी सोयीची. समोर चार पर्याय आहेत: घणसोलीच्या सेक्टरमध्ये १ आरके, भाडं १६ हजार, कळव्यात खारेगावला जुन्या इमारतीत लहानसा १ बीएचके, १५ हजार, उलव्यात ऐसपैस १ बीएचके, १३ हजार, घोडबंदर रोडवर गायमुखच्या बाजूला टॉवरमध्ये १ बीएचके, १९ हजार. जागा बदलल्याने मुलांच्या पुढच्या आयुष्यात खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर कुठे जावं, असं ताईंनी विचारलं आहे.

फरक पडतो. मात्र प्रत्येक स्थलांतराने पडत नाही, आणि काही स्थलांतरं कुटुंबाला मागेही नेतात. म्हणून आधी पुरावा काय सांगतो ते बघू, मग चार जागा त्यावर तपासू.

यात मोठी अडचण अशी की चांगल्या वस्तीत राहणारी मुलं पुढे गेलेली दिसतात, पण ती वस्तीमुळे गेली की तिथे घर घेऊ शकणाऱ्या आईबापांमुळे, हे नुसतं बघून कळत नाही. ते कळायचं तर कोण हलणार हे नशिबावर सोडावं लागतं, म्हणजे सोडत काढावी लागते. अमेरिकेत १९९४ पासून बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत अशी सोडत झाली. सरकारी वसाहतींत राहणारी साधारण ४,६०० गरीब कुटुंबं त्यात होती. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत मिळाली, काहींना नाही. आधीच्या पाहण्यांत मोठ्यांच्या कमाईत फरक दिसला नाही, मात्र अतिस्थूलता आणि मधुमेह कमी झाला आणि मन स्वस्थ झालं. मुलं मोठी होऊन कमवायला लागल्यावर अर्थतज्ज्ञ राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी पुन्हा हिशोब मांडला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांची विशीतली कमाई, सोडत न लागलेल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेरा वर्षांनंतर हललेल्यांना फायदा झाला नाही, उलट थोडा तोटाच दिसला. घर, शाळा, मित्र सगळं एकदम सुटण्याची किंमत असते. पुढे बरीच वर्षं हातात असतील तरच ती भरून निघते.

हा ३१ टक्क्यांचा आकडा उचलून ठाण्यावर लावू नका. तिथल्या वस्त्यांमधली दरी वेगळी होती, गोळीबार वगैरे रोजचं होतं. इथे उपयोगी पडते ती वयाची गोष्ट. तुमची मुलगी नऊची आहे, मुलगा चारचा. हलायचं असेल तर येत्या एक-दोन वर्षांत हला. मुलगी नववी-दहावीत असताना अजिबात हलू नका.

दुसरा पुरावा आपल्या देशातला आहे आणि तुमच्यासाठी तो जास्त मोलाचा आहे. अहमदाबादमध्ये १९८७ मध्ये झोपडपट्टीत राहणाऱ्या विडी कामगार बायकांसाठी घरांची सोडत निघाली. घरं पक्की, झोपडीपेक्षा कितीतरी बरी, पण शहरापासून १२ किलोमीटर लांब. चौदा वर्षांनी शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी पाहणी केली. सोडत लागलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश कधी राहायलाच गेल्या नव्हत्या आणि जवळपास तितक्याच जाऊन परत आल्या होत्या. सोडत लागलेल्या कुटुंबांच्या उत्पन्नात किंवा मुलांच्या प्रगतीत न लागलेल्यांच्या तुलनेत वाढ दिसली नाही. नातेवाईक, जातभाई, अडीअडचणीला हातउसने देणारी माणसं लांब राहिली होती.

याच्या शेजारी मुंबईतल्या म्हाडाच्या सोडतीचा अभ्यास ठेवा. तनू कुमार यांनी २०१२ आणि २०१४ च्या सोडतींतले विजेते आणि न लागलेले अर्जदार यांची तुलना केली. विजेत्यांच्या घरातल्या पुढच्या पिढीचं शिक्षण आणि रोजगार वाढलेला दिसला, आणि ही माणसं वॉर्डातल्या प्रश्नांबद्दल जास्त तक्रारी करू लागली, सभांना जाऊ लागली. तिथे ज्यांना जायचं नव्हतं ते घर भाड्याने देऊ शकत होते, म्हणजे लांब जाण्याची सक्ती नव्हती. अहमदाबाद आणि मुंबई एकत्र वाचल्यावर मी काढतो तो अर्थ असा: चांगलं घर मिळाल्याने फायदा होतो, पण त्यासाठी कामाचं ठिकाण आणि माणसं लांब गेली तर तो फायदा तिथेच संपतो.

आता तुमच्या चार जागा. पहिला हिशोब भाड्याचा मांडू नका, वेळेचा मांडा. दाराला कुलूप लावल्यापासून कामाच्या जागी हजेरी लागेपर्यंतची मिनिटं धरा, म्हणजे चालणं, रिक्षाची रांग, पूल चढणं, गाडी सोडून पुढची घेणं सगळं त्यात आलं. सकाळच्या गर्दीत दोघांचे एका बाजूचे माझे अंदाज असे. दिवा: वडील ८० मिनिटं, आई ५०. घणसोली: वडील शेअर रिक्षा किंवा बसने २५, आई ठाण्याला गाडीने येऊन ५०. खारेगाव: वडील ६०, आई ३०. उलवे: वडील ७५, आई ९५. गायमुख: वडील ९५, आई ५५. दोन्ही बाजूंचे आणि महिन्याला २५ दिवस धरले तर दोघांचे मिळून दिव्यात १०८ तास जातात, घणसोलीत ६३, खारेगावात ७५, उलव्यात १४२, गायमुखला १२५.

उलवे घणसोलीपेक्षा महिन्याला ३ हजारांनी स्वस्त आहे, पण ७९ तास जास्त खातं. म्हणजे तुम्ही तासाला ३८ रुपयांनी स्वतःचा वेळ विकता. हा वेळ कुठून जातो? मुलीच्या गृहपाठातून, आईच्या झोपेतून, रात्री साडेआठला शिजणाऱ्या जेवणातून. आणि लांबचा प्रवास झाला की बहुतेक घरांत नोकरी सोडते ती आई. एक पगार गेला की चांगल्या वस्तीचं भाडं परवडत नाही आणि सगळं गणित कोसळतं. म्हणून प्रवासाची मिनिटं जोडताना आईची मिनिटं वेगळी लिहा. ती साठच्या वर जात असतील तर ती जागा बाद समजा.

हे अंदाज माझे आहेत, तुम्ही स्वतः मोजा. मंगळवार किंवा बुधवार निवडा, सकाळी आठच्या सुमारास त्या घरापासून निघा, आणि संध्याकाळी परत त्याच घरापर्यंत या. रविवारी मोजलेली वेळ काही कामाची नाही. पावसाळ्यात एकदा मोजता आली तर उत्तम. उलव्यात खारकोपर आणि बामणडोंगरीला गाडी येते, उरणपर्यंत ती जानेवारी २०२४ पासून धावते. पण दोन गाड्यांमधलं अंतर मोठं आहे आणि एक चुकली की नेरुळची पुढची जोडगाडीही हुकते. घोडबंदरला एजंट मेट्रो ४ दाखवून भाडं वाढवून सांगतात. नियम सोपा ठेवा: जे आज प्रवासी घेऊन धावतं आहे तेवढंच मोजायचं. नवी मुंबईची बेलापूर-पेंधर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, त्याआधी अनेक वर्षं लोकांनी ती येणार म्हणून जास्तीचे पैसे मोजले. मुलाचं वय मात्र प्रकल्पासाठी थांबत नाही.

दिव्याच्या बाबतीत वेळेखेरीज जिवाचाही प्रश्न आहे. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. रोज दारात उभं राहून जावं लागत असेल तर तो खर्च हिशोबात धरलाच पाहिजे, जरी त्याला रुपयांत आकडा नसला तरी.

वेळेनंतर घराच्या आतली हवा. याबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात आणि मुलांच्या तब्येतीवर हीच गोष्ट रोज काम करते. मुंबईच्या एम-पूर्व (गोवंडी-मानखुर्द) विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला आहे. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये दोन इमारतींत जेमतेम ३ मीटर जागा. खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा पोचत नाही. शेजारच्या मोकळ्या रचनेच्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. झोपडीतून पक्क्या घरात गेलेली माणसं पक्क्या घरामुळेच आजारी पडू शकतात, हे यातून कळतं. खारेगाव आणि कळव्यातल्या जुन्या इमारतींमध्ये नेमका हाच धोका आहे, तेव्हा ते घर बघताना घाई करू नका.

बघायचं कसं? दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान जा. सगळे दिवे बंद करायला सांगा आणि खिडकीपासून सर्वांत लांबच्या भिंतीपाशी उभं राहून वर्तमानपत्राचा बारीक मजकूर वाचून बघा. वाचता येत नसेल तर मुलं दिवसभर ट्यूबलाइटखाली अभ्यास करणार. मग खिडकी मोजा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी उघडी जागा लागते. म्हणजे १०० चौरस फुटांच्या खोलीला साधारण १७ चौरस फूट. चार बाय चार फुटांची खिडकी बघून वाटतं, झालं की पुरेसं. पण दोन पट्ट्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, म्हणजे हाती येतात ८ चौरस फूट. त्यात बाहेरून ग्रिलवर कुंड्या आणि कपडे. म्हणून दोन दिशांना उघडणारं घर मिळालं तर दोन हजार जास्त द्या. समोरासमोर खिडक्या असल्या की वारा खोलीतून पार जातो. एकाच बाजूला खिडकी असेल तर समोरचा दरवाजा जाळीचा करायला मालकाची लेखी परवानगी घ्या आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवा. तो थेट बाहेर उघडायला हवा. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या बंद पोकळीत, सोडलेला पंखा खालच्यांचा फोडणीचा धूर तुमच्याकडे आणि तुमचा वरच्यांकडे पाठवतो.

ओल बघायला ऑगस्टचा शेवटचा आठवडा सर्वांत चांगला. मे महिन्यात सगळ्या भिंती कोरड्या दिसतात. उन्हाळ्यातच बघावं लागलं तर बाथरूमला लागून असलेली भिंत, कपाटामागचा भाग आणि छताचे कोपरे हाताने चाचपा. एकाच भिंतीला ताजा रंग दिला असेल तर कारण विचारा. बुरशीच्या खोलीत झोपणाऱ्या मुलाचा खोकला पावसाळाभर जात नाही, शाळा बुडते, आणि आई-वडिलांपैकी एकाची रजा जाते.

घराबाहेरच्या हवेला दोन कसोट्या आहेत. पहिली मोठा रस्ता. दक्षिण कॅलिफोर्नियात १० ते १८ वयाच्या मुलांचा आठ वर्षं मागोवा घेतला गेला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ, दीड किलोमीटरहून लांब राहणाऱ्यांपेक्षा कमी झालेली आढळली. घोडबंदर रोडवरून बंदराकडून गुजरातकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची रांग असते, आणि चढावर ट्रक पहिल्या गिअरमध्ये धूर सोडत असतात. गायमुखचा टॉवर रस्त्याला लागून असेल तर बाराव्या मजल्यावरचं येऊरच्या डोंगराचं दृश्य त्याची भरपाई करत नाही. आत, डोंगराच्या बाजूला ३०० मीटर सरकलेली इमारत शोधा, हवा पुष्कळ बदलते. ठाणे-बेलापूर रस्त्यालाही हेच लागू.

दुसरी कसोटी कारखान्यांची, आणि ती घणसोलीसाठी आहे. तिथे वस्ती रेल्वेच्या पश्चिमेला खाडीकडे आणि एमआयडीसी पूर्वेला डोंगराकडे. दिवसा वारा खाडीकडून येतो, म्हणून दुपारी घर बघायला गेलात तर काही जाणवणार नाही. रात्री आणि पहाटे, विशेषतः थंडीत, वारा डोंगराकडून उतरतो आणि रसायनांचा वास सेक्टरमध्ये येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाला जाऊन दहा मिनिटं उभं राहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अॅपवर जवळच्या केंद्राचे आकडे दिसतात; एका दिवसाचा आकडा धरू नका, हिवाळ्याचे पंधरा दिवस बघा. सूक्ष्म धूलिकण पीएम २.५ ची आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. पंधरापैकी दहा दिवस ती ओलांडली जात असेल आणि घरात दम्याचं मूल असेल तर दुसरा सेक्टर, खाडीच्या बाजूचा, बघा.

पाण्याचं थोडक्यात. माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडचं मान्य प्रमाण. ८० घरांच्या, घरटी चार माणसांच्या सोसायटीला रोज ४३ हजार लिटर लागतात, म्हणजे १० हजार लिटरचे चारहून अधिक टँकर. महापालिकेचं पाणी निम्मंच येत असेल तर रोज दोन टँकर. ते पैसे देखभाल खर्चात दिसतात, भाडं सांगताना दिसत नाहीत. सोसायटीच्या कार्यालयात मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, म्हणून दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या भागाची स्थिती बरी. उलवे त्या महापालिकेत येत नाही, तिथे सिडकोचं पाणी, त्यामुळे पत्त्यात नवी मुंबई आहे म्हणून मोरबेचं पाणी मिळेल असं समजू नका. घोडबंदरला उन्हाळ्यात टँकरवर मदार असलेल्या सोसायट्या बऱ्याच आहेत.

इमारत कायदेशीर आहे का हे भाडेकरूनेही बघायचं असतं. शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा बांधली जाणारी इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबं राहत होती. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, त्याची प्रत मालकाकडे मागा. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक दाखवला तर तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्यांवर असे क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आहे. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते: सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. खारेगावची इमारत तीस वर्षांच्या वर असेल तर संरचनात्मक तपासणी कायद्यानेच लागते. अहवाल बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. घणसोलीत सेक्टर आणि गाव यांतला फरक ओळखा. गावठाणाच्या कडेची, गरजेपोटी म्हणून परवानगीविना बांधलेली पाच-सहा मजली घरं दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतात, पण तिथे ओसी नसते, गल्लीत अग्निशमनची गाडी वळत नाही आणि खालच्या मजल्यांवर उजेडाची तीच अडचण.

पूर ओळखायला कागद लागत नाही. तळमजल्यावरच्या विजेच्या मीटरचा डबा किती उंच लावला आहे बघा. शेजारच्या इमारतींत तो कमरेला आणि इथे डोक्याच्या वर असेल तर पाणी कुठपर्यंत आलं होतं ते समजून घ्या. दुकानांचे उंबरे नंतर चढवले आहेत का, हेही. नवी मुंबईचा खाडीकडचा भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल असल्याने धारण तलाव ठेवले आहेत: भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. तलावात गाळ साचला की पाणी रस्त्यावर थांबतं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला तो दिवस गाठा आणि त्या गल्लीत चक्कर मारा.

आता शाळा. अंतराला मी पहिलं स्थान देतो, नावाला नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. मुलगी पाचवीत जाईल, म्हणून शाळा आठवीपर्यंत आहे की दहावीपर्यंत, हे आधी विचारा. चार वर्षांनी पुन्हा शाळा बदलणं टाळायचं आहे. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकलं की पट आणि शिक्षकसंख्या दिसते. पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक आणि पुढे ३५ मागे एक शिक्षक हे कायद्याचं प्रमाण. साठच्या वर्गात बसवून वरून महागडी शिकवणी लावण्यापेक्षा महापालिकेच्या चाळीसच्या वर्गाचा विचार करा. नवी मुंबई महापालिकेच्या शाळांना मागणी आहे, सीवूड्स आणि कोपरखैरणेत तिने सीबीएसई शाळाही चालवल्या आहेत. याच कायद्याखाली खासगी शाळांत मुलाच्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशासाठी आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा वर्षाला १ लाख आहे, त्यात तुम्ही बसत नाही. पण वंचित घटकात (अनुसूचित जाती-जमाती वगैरे) येत असाल तर उत्पन्नाची अट नाही. तिथे १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी मिळते, आणि भाडेकरूचा पत्ता नोंदणीकृत कराराने सिद्ध करावा लागतो. नोटरीचा करार चालत नाही. करार अर्जाच्या तारखेआधीचा हवा. दाखला मिळायला उशीर झाला तरी नवी शाळा आठवीपर्यंत त्या कारणाने प्रवेश नाकारू शकत नाही.

शाळेचा रस्ता मुलीसोबत चाला, तिची शाळा ज्या वेळी सुटेल त्या वेळी. दुपारी साडेबाराला सावली आहे का? पदपथ सलग आहे की मध्येच हातगाड्या आणि दुचाक्यांमुळे रस्त्यावर उतरावं लागतं? मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का? अकराव्या वर्षी ती हा रस्ता एकटी चालू शकेल, असं तुमच्या मनाला पटलं पाहिजे. मग रात्री साडेनऊला आईने स्थानकापासून घरापर्यंत एकटीने चालून बघावं. कुठे दिवे बंद, कुठे दुकानं संपून भिंत सुरू होते, हे तिलाच कळेल. मूल एकटं किती लांब जाऊ शकतं यावर ते काय काय शिकतं हे ठरतं: वाचनालय, मैदान, पोहण्याचा तलाव, मैत्रिणीचं घर. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. कळव्याहून एका स्थानकावर. सातवीतली मुलगी तिथे मैत्रिणीबरोबर जाऊ शकते, गायमुखहून तिला कुणीतरी न्यावं-आणावं लागेल.

मैत्रीबद्दल एक ठोस निष्कर्ष आहे. चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेसबुकवरच्या २,१०० कोटी मैत्रींची माहिती तपासली. कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं वर येण्याशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट निघाली ती म्हणजे त्या भागातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांची वरच्या उत्पन्नाच्या लोकांशी असलेली मैत्री. नुसतं शेजारी राहून ती होत नाही. टॉवरच्या फाटकाआड क्लबहाऊस असतं, पण भाडेकरूच्या मुलांना ते वापरू देतात का, हे सोसायटीच्या नियमांत बघा. सिडकोच्या जुन्या सेक्टरांत लहान-मोठी घरं जवळजवळ आहेत आणि मैदान सगळ्यांचं एक असतं. संध्याकाळी सहाला जाऊन बघा, कोणत्या घरची मुलं एकत्र खेळतात. मुलींची संख्या मोजा. मैदानात मुलीच नसतील तर तुमची मुलगीही वर्षभरात जायची थांबेल.

राहिली आजी. तुमच्या प्रश्नात हे एक वाक्य होतं, पण माझ्या मते निर्णय त्यावरच फिरतो. शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंतचे सहा-सात तास आज आजी सांभाळते, तेही फुकट आणि मायेने. तेच पाळणाघर आणि शिकवणीवर टाकलं तर दोन मुलांचे महिन्याला काही हजार जातील आणि कुणी आजारी पडलं की व्यवस्था कोलमडेल. अहमदाबादच्या बायका परत आल्या त्या अशाच गोष्टींसाठी.

म्हणून उलवे आणि गायमुख बाद करा. उलव्यात वेळ जातो आणि आजी दीड तास लांब पडते. गायमुखला उत्पन्नाचा ३१ टक्के भाग भाड्यात जाऊन हातात काही उरत नाही. आजी तुमच्यासोबत राहायला तयार असेल तर घणसोलीचा सेक्टर. मात्र पाच जणांना १ आरके पुरणार नाही. बजेट १८ हजारांपर्यंत ताणून जुना १ बीएचके शोधा, स्थानकापासून दहा मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चालेल. आजी दिवा सोडणार नसेल तर खारेगाव: दिव्याहून दोन स्थानकं, आईची तीस मिनिटं, आजी सकाळची गर्दी ओसरल्यावर येऊन संध्याकाळी परत जाऊ शकते, महापालिकेचं मोठं रुग्णालय कळव्यातच, आणि गावाची गाडीही हातची जात नाही. तिथे दुसऱ्या मजल्याच्या वरचं, दोन दिशांना उघडणारं, सी-यादीत नसलेल्या इमारतीतलं घर मिळेपर्यंत थांबा. दोन महिने जास्त लागले तरी दिव्यात काढा.

दोन्हीपैकी काहीच जमलं नाही तर दिव्यातही तीन गोष्टी बदलता येतात: मुलीची शाळा, झोपायच्या खोलीची हवा आणि इमारतीचा कागद. इमारतीची ओसी नसेल, तपासणीही झालेली नसेल, तर दिव्यातच दुसऱ्या इमारतीत जा, आजी तिथेच राहील. पाणी, दिवे, गटार यांच्या तक्रारी एकट्याने न करता दहा-पंधरा घरांच्या सह्यांनी प्रभाग समितीत द्या आणि पोच घ्या.

हलायचं ठरलं तर मे महिन्यात हला, म्हणजे १५ जूनला मुलगी नव्या शाळेत सगळ्यांबरोबर पहिल्या दिवशी बसेल. करार ११ महिन्यांचा करू नका. दर अकरा महिन्यांनी एजंटची दलाली, भाडेवाढ आणि घर सोडायची टांगती तलवार नको. वारंवार हलणं मुलांना नडतं. ३३ महिन्यांचा मागा, दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ आधीच लिहून घ्या, आणि मालकाला मुदतीआधी घर रिकामं करून मागता येणार नाही अशी अट घाला. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के पडतं: महिना १६ हजारांनी ३३ महिन्यांचे ५ लाख २८ हजार, वाढ धरून साडेपाच लाखांच्या आसपास, त्यावर १,४०० रुपयांच्या घरात, आणि नोंदणीचे १,००० वेगळे. नोंदणी ऑनलाइन होते, दोन साक्षीदार आणि आधार लागतं. मालक नोटरीवर अडून बसला तर दुसरं घर बघा, कारण मुलाच्या शाळाप्रवेशाला तो कागद कामाचा नाही.